आठ घरं, एक डबी आणि टाइमटेबलकाका

सोमवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी टाइमटेबलकाकांची लेक तोंड उघडं ठेवून गोठली.

घरात बसलेली लेक धडधाकट होती, हातवारे करून बोलत होती. गोठली ती समोरच्या पडद्यावर. पुलांची तपासणी करणाऱ्या एका मोठ्या संस्थेचे तीन अधिकारी तिची मुलाखत घेत होते, आणि त्यांना पुढची सहा मिनिटं फक्त तिची पडजीभ दिसत होती. शेवटी त्यांनी फोन करून कळवलं की आवाज नाही, चित्र नाही, तेव्हा पुढच्या सोमवारी अकरा वाजता पुन्हा घेऊ; मात्र ही शेवटची संधी.

लेकीचं आधीचं ऑफिस बंद पडून सात महिने झाले होते. तिने लॅपटॉप मिटला आणि ती म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी मी मैत्रिणीकडे जाऊन देते."

इथेच काकांना लागलं. काकांनी एकतीस वर्षं बसच्या आगारात वेळापत्रकं आखली होती. दोनशे चौदा गाड्या, एकच फाटक, आणि त्या फाटकात दोन गाड्या समोरासमोर आल्याचं एकही उदाहरण नाही. निवृत्त झाले तरी इमारतीत त्यांना खऱ्या नावाने कोणी ओळखत नव्हतं. अशा माणसाच्या लेकीने मुलाखत द्यायला दुसऱ्याच्या घरी जायचं म्हणजे स्वयंपाक्याच्या घरी डबा मागवण्यासारखं झालं.

"तू इथूनच देणार," काका म्हणाले. "मी बघतो."

काकूंनी आतून हे ऐकलं आणि गॅस बारीक केला. 'मी बघतो' म्हटल्यावर पुढे काय होतं, ते त्यांनी बरीच वर्षं बघितलं होतं.

मामला दिसायला साधा होता. इमारतीत घरं आठ. सगळ्यांनी मिळून नेटचं एकच कनेक्शन घेतलेलं, आणि त्याची पांढरी डबी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, विजेच्या मीटरांशेजारी ठोकलेली. मोबाइलची रेंज म्हणाल तर स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी दोन काड्या, त्याही बोलण्यापुरत्या. चित्रासाठी त्या डबीशिवाय गत्यंतर नाही. डबी रात्रंदिवस डोळे मिचकावायची, आणि ती चालू आहे असाच सगळ्यांचा समज होता.

मंगळवारी काका कंपनीच्या कार्यालयात गेले. खिडकीमागच्या कारकुनाने सगळं ऐकून घेतलं आणि मान न उचलता सांगितलं, "तक्रार ऑनलाइन करायची."

"नेट चालत नाही, हीच तक्रार आहे."

"हो, पण ती ऑनलाइन करायची."

काका तिथेच उभे राहिले. सरकारी खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते: खिडकीसमोरून जो हलतो तो हरतो. चाळीस मिनिटांनी कारकुनाने कंटाळून एक छापील फॉर्म पुढे सरकवला. त्यात एक रकाना होता, 'उपकरणाचा पत्ता'. काकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: बैठकीची खोली, खिडकीजवळचं टेबल.

"हा पत्ता नाही, काका," कारकून म्हणाला. "यंत्राचा पत्ता."

"यंत्र माझ्याच घरात राहतं."

"तसं नाही. प्रत्येक यंत्राचा स्वतःचा पत्ता असतो. बारा अक्षरं आणि आकडे. त्या डबीवर जेवढी यंत्रं आहेत तेवढ्या सगळ्यांचे पत्ते आणा."

काकांना हे काही उमगलं नाही. पत्ता म्हणजे माणूस राहतो ती जागा. यंत्र घरभर फिरतं, पिशवीतून बाजारात जातं, तरी त्याचा पत्ता बदलत नाही, म्हणजे तो पत्ता कसला? पण न समजलेली गोष्ट नीट लिहून घेण्याची काकांना सवय होती. बुधवारी सकाळी ते वही आणि दोन पेनं घेऊन दारोदार निघाले.

संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस यंत्रं सापडली. आठ घरांत माणसं एकवीस आणि यंत्रं त्रेचाळीस. फोन, लॅपटॉप, टीव्ही तर होतेच. एक दिवा होता, एक कपडे धुण्याचं यंत्र होतं. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी आधी काकांकडेच ओळखपत्र मागितलं, मग दारावरच्या कॅमेऱ्याचा पत्ता दिला, आणि दिल्याबद्दल सही घेतली. चौथ्या मजल्यावर गाण्याच्या बाई राहत. त्यांच्याकडे सहावं यंत्र निघालं ते न्हाणीघराबाहेर. काकांनी जिन्यात उभं राहून, चूक नको म्हणून, खणखणीत आवाजात वाचून दाखवलं: "गाण्याच्या बाई, चौथा मजला, वजनकाटा."

आगारात काकांचा आवाज सहा फलाटांवर जात असे. इथे मजले चारच होते.

"काटा आहे हे जगजाहीर करायची काय गरज होती?" बाई म्हणाल्या.

"नोंद आहे हो."

बाईंनी दार लावून घेतलं. काकांना वाटलं, कलावंत माणसं, लहरी असायचीच.

गुरुवारी त्यांनी भरलेला फॉर्म आणि सोबत चार पानी यादी नेली. खिडकीमागे आज दुसराच कारकून होता. त्याने यादी पाहिली, काकांकडे सहानुभूतीने पाहिलं, "फार झालं हो," म्हणाला आणि शिक्का मारला. इतक्या वर्षांत कुठल्याही कार्यालयात आपल्याशी कोणी इतकं आपुलकीने वागलं नव्हतं, असं काका घरी येऊन काकूंना सांगतच होते, तेवढ्यात इमारतीतल्या सगळ्या घरांचं नेट बंद पडलं.

फोन, टीव्ही, दिवा, धुण्याचं यंत्र, सगळंच. दुपारभर चौकशी झाल्यावर खुलासा झाला. पहिल्या कारकुनाने दिलेला फॉर्म चोरीला गेलेल्या यंत्रांचा होता. कंपनीने तत्परता दाखवून चोरीची त्रेचाळीसही यंत्रं अडवून टाकली होती, आणि फिर्यादी म्हणून काकांचं नाव होतं.

त्या संध्याकाळी जिन्यातून जाताना काकांशी कोणी बोललं नाही. डॉक्टरांनी फक्त एवढंच विचारलं, "काका, माझा कॅमेरा मी कोणाकडून चोरला, ते लिहिलंय का फॉर्ममध्ये?"

शुक्रवारी कंपनीचा माणूस शिडी घेऊन आला. जाड मिश्यांचा, पन्नाशीचा, शांत गृहस्थ. त्याने दोन तास खपून एकेक यंत्र पुन्हा आत घेतलं. काकूंनी चहा दिला. काकांनी शिडी धरली होती, त्यामुळे प्रश्न विचारायचा हक्क त्यांच्याकडे आपोआप आला.

"आता मला एक सांगा. डबी चालू आहे, तार चालू आहे. मग माझी लेक गोठली का?"

"गर्दी, काका. हवा एकच, बोलणारी यंत्रं त्रेचाळीस. एका वेळी एकानेच बोलायचं असतं. म्हणून प्रत्येक यंत्र आधी कान देतं. दुसरं कोणी बोलत असेल तर गप्प बसतं. हवा मोकळी झाली की थोडं थांबतं आणि मग बोलतं."

"थोडं म्हणजे किती?"

"मनाला येईल तेवढं."

काकांची शिडीवरची पकड सैल झाली. "मनाला येईल तेवढं?"

"सगळे सारखंच थांबले तर सगळे एकदमच बोलतील ना. शिडी धरा, काका."

"आणि तरीही दोघं एकदम बोलले तर?"

"दोघांचंही वाया गेलं. मग दोघं आणखी थोडं जास्त थांबतात आणि परत बघतात."

"पण नंबर कोण लावतं?"

"कोणीच नाही."

"कोणीतरी असेलच. डबीत?"

"डबीसुद्धा आपली पाळी बघूनच बोलते." मिश्यावाल्याने स्क्रू आवळला. "त्यात तुमच्याकडे आणखी एक भानगड आहे. तळमजल्यावरच्या डॉक्टरांचं यंत्र आणि चौथ्या मजल्यावरच्या बाईंचं यंत्र यांना एकमेकांचा आवाजच पोचत नाही. मध्ये स्लॅब आहेत. दोघांनाही वाटतं हवा मोकळी आहे, दोघंही बोलतात, आणि मधल्या डबीला नुसता गोंगाट ऐकू येतो. सोमवारी अकराला बाईंचा क्लास असतो आणि डॉक्टर एक्स-रे पाठवतात. तुमची लेक त्यात सापडली."

"मग उपाय?"

"त्या वेळेला जरा कमी लोकांनी वापरायचं." एवढं सांगून त्याने शिडी मिटली आणि तो गेला.

काका जिन्यातच बसले. दोनशे चौदा गाड्यांनी फाटकाशी यावं, कान द्यावा, मनाला येईल तेवढं थांबावं, धडकल्या तर मागे जाऊन परत यावं, आणि या सगळ्याला व्यवस्था म्हणावं? असं चालत असेल तर आपण एकतीस वर्षं केलं ते काय होतं? आणि चालत नसेल, तर जगभर हे चालतंय कसं? दोन्ही बाजूंनी विचार करून त्यांचं डोकं दुखायला लागलं. तेव्हा त्यांनी, भल्याभल्यांनी केलं असतं तेच केलं. न समजलेला भाग सोडून दिला आणि घरी जाऊन पट्टी-पेन्सिल काढली.

शनिवारी सकाळी वेळापत्रक डबीखाली चिकटलं. प्रत्येक घराला पाऊण तासाऐवजी, नीट विचारांती, पंधरा मिनिटं. आठ घरांची एक फेरी दोन तासांची, की पुन्हा पहिल्यापासून. लाल शाईत तळटीप: 'आपली पाळी नसताना यंत्र चालवू नये.' काकांनी आगारातली जुनी शिट्टी शोधून काढली आणि दर पंधरा मिनिटांनी जिन्यात वाजवायला सुरुवात केली.

पहिली शिट्टी वाजली तेव्हा पाळी होती पहिल्या मजल्यावरच्या ज्या कुटुंबाची, ते गावाला गेलं होतं. पंधरा मिनिटं हवा रिकामी राहिली आणि सात घरं मोबाइल हातात धरून बसली. डॉक्टरांची पाळी आली तेव्हा त्यांचे दोन्ही हात एका पेशंटच्या तोंडात होते. ते मोकळे झाले तोवर पाळी संपली होती. गाण्याच्या बाईंच्या एका विद्यार्थिनीने तान वर चढवली आणि शिट्टी वाजली. ती तान पावणेदोन तासांनी खाली उतरली. धुण्याच्या यंत्राला लाल शाई वाचता येत नव्हती, त्यामुळे ते धुणं झाल्याची वर्दी वाटेल तेव्हा देत राहिलं. काका त्याच्या मालकिणीला समज द्यायला गेले. ती म्हणाली, "तुम्हीच सांगा त्याला." काका खरोखरच त्या यंत्रासमोर क्षणभर उभे राहिले, हे त्यांनी घरी सांगितलं नाही.

संध्याकाळी काकूंचे बंधू आले. हे मेहुणे रेल्वेत सिग्नलला होते, आणि बस हे वाहन त्यांनी मनातून कधी मान्यच केलं नव्हतं.

"वेळापत्रक कशाला, भाऊजी?" ते पाय पसरून म्हणाले. "आमच्याकडे एकेरी रुळावर एक गोळा असायचा. ज्या ड्रायव्हरच्या हातात गोळा, त्याचीच गाडी जाणार. बाकीच्यांनी उभं राहायचं. काम झालं की गोळा पुढच्याला. ज्याला काम नाही त्याने लगेच पुढे द्यायचा. रिकामी पाळी नाही, शिट्टी नाही."

काकांना मेहुण्यांचं म्हणणं पटलं, याचं त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं. गोळा घरात नव्हता. हाताला लागली ती काकूंची सांडशी.

रविवारी सकाळी सांडशी इमारतीत फिरू लागली, आणि खरं सांगायचं तर तासभर कारभार झकास चालला. लोक हसत होते, जिन्यात एकमेकांना सांडशी देताना चार शब्द बोलत होते. काका मेहुण्यांना फोन करून तसं कळवणारही होते. मग सांडशी दिसेनाशी झाली. पहिल्या मजल्यावरचं कुटुंब गावाहून परतलं होतं. त्यांनी ती हातात घेतली, नेमकी तेव्हाच खाली रिक्षा आली, आणि आजारी मावशीला भेटायला सगळे निघून गेले. सांडशी पर्समध्ये. दाराला कुलूप.

आता नियमाने संपूर्ण इमारतीने गप्प बसायला हवं होतं. दुपारी एक वाजेपर्यंत काही जण बसलेही. मग कोणीतरी वेळापत्रक फाडून त्याची होडी केली आणि पायरीवर ठेवली. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस यंत्रं, साठलेलं सगळं बोलणं एकदम बोलायला लागली. डबीचे डोळे मिचकावायचे थांबून नुसते लाल झाले.

त्याच सुमारास काकूंनी गरम पातेलं फडक्याने उतरवलं आणि बोट भाजून घेतलं.

काकू बराच वेळ नळाखाली बोट धरून उभ्या होत्या. काका मलम घेऊन शेजारी उभे होते.

"अहो, उद्या किती वेळ हवाय पोरीला?" काकूंनी विचारलं.

"अर्धा तास."

"मग अर्धा तास मागा की."

"मागा म्हणजे? कोणाकडे अर्ज करायचा?"

"अर्ज नाही. दार वाजवायचं आणि मागायचं. आठवडाभर तुम्ही प्रत्येकाच्या दारात गेलात. पत्ते लिहून घेतलेत, नियम सांगितलेत, शिट्टी वाजवलीत. सोमवारी मुलीची मुलाखत आहे, हे कोणाला सांगितलंत का?"

काकांनी आठवून पाहिलं. चार पानी यादीत, वेळापत्रकात, लाल तळटिपेत, कुठेच ते नव्हतं.

ते निघाले खरे, पण हातात वही नाही, कागद नाही. हात कुठे ठेवावेत ते कळेना. एकतीस वर्षांत त्यांनी सूचना दिल्या होत्या, कोणाकडे काही मागितलं नव्हतं. डॉक्टरांच्या दारात ते दोनदा बेलपर्यंत बोट नेऊन थांबले.

"अर्धा तासच ना?" डॉक्टर म्हणाले. "त्यात काय एवढं. दात कुठे पळून जात नाहीत. आणि काका, तिला सांगा, घाईघाईत बोलू नको म्हणावं." यावर त्यांनी सही मागितली नाही.

बाकीच्या घरांतही तेच झालं. पहिल्या मजल्यावरचं कुटुंब मावशीकडून परतलं होतं, त्यांनी होकारासोबत सांडशीही दिली. धुण्याच्या यंत्राच्या मालकिणीने तर त्याची वायरच काढून दाखवली. राहिला चौथा मजला. आतून तंबोऱ्याचा आवाज येत होता. काका तो थांबेपर्यंत बाहेर उभे राहिले.

"या," बाई म्हणाल्या. "आज काय मोजायचंय?"

"बाई, ते काट्याचं माझं चुकलं. मी वजन नव्हतं वाचलं हो, नुसतं—"

"आता पुन्हा मोठ्याने नका सांगू."

काकांनी आवाज उतरवला. इतका, की बाईंना पुढे वाकावं लागलं. "उद्या अकराला लेकीची मुलाखत आहे. सात महिने घरी आहे ती. मागच्या वेळी मध्येच गोठली. तुमचा क्लास त्याच वेळेला असतो. अर्धा तास पुढे ढकलता आला तर."

बाई पुन्हा सरळ झाल्या. "एवढंच होतं?"

"एवढंच."

"मग मागच्या मंगळवारीच का नाही विचारलंत? मंगळवारीच हो म्हटलं असतं मी."

जिना उतरताना काका पुन्हा पुन्हा हिशेब मांडत होते, की मग हा सगळा आठवडा नेमका कशासाठी झाला. हिशेब काही लागला नाही.

सोमवारी अकराला पाच मिनिटं असताना इमारत अशी शांत झाली की नळाचं टपटपणं ऐकू यावं. काका दाराआड उभे राहिले. पडद्यावर तीन अधिकारी दिसले, त्यांच्या टेबलावरची टाचणी दिसावी इतके स्पष्ट. लेकीने नमस्कार केला. मधले अधिकारी, जे प्रमुख होते, त्यांनी चष्मा काढला, तोंड उघडलं, आणि ते तसेच राहिले.

चष्मा हवेत, तोंड उघडं. एक मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. काकांनी धावत जाऊन डबी पाहिली. ती निवांत डोळे मिचकावत होती. गोठले होते ते तिकडचे.

मग स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी ठेवलेला फोन वाजला. "माफ करा," प्रमुखांचा आवाज आला. "आमच्याकडचं नेट हे असंच आहे. फोनवरच घेऊया का?"

लेक ओट्याला टेकून उभी राहिली, कारण रेंज तिथेच होती. काकू पोळ्यांचं पीठ मळता मळता थांबल्या आणि हात तसेच परातीत ठेवून उभ्या राहिल्या. पलीकडे तिघंही एकाच फोनवर वाकले होते, त्यामुळे दोघं एकदम बोलायचे, दोघंही थांबायचे, मग "तुम्ही बोला, सर" व्हायचं. लेक थांबायची, आणि वाट मोकळी झाली की शांतपणे सांगायची: खांबाच्या कुठल्या भेगेला भ्यायचं आणि कुठल्या भेगेला नाही, पाण्याखालचा पाया कसा तपासतात, मागच्या कामात तिने कोणता पूल बंद करायला लावला आणि का. अर्ध्या तासाची पन्नास मिनिटं झाली. इमारतीत एकानेही काही चालू केलं नाही.

शेवटी प्रमुख म्हणाले, "एक तारखेपासून येऊ शकाल का?"

काकूंनी पिठाचे हात डोळ्यांना लावले.

"आणि अजून एक," प्रमुख म्हणाले. "मागच्या सोमवारी तुमच्याकडचं चालत नव्हतं, आज अगदी आरशासारखं दिसत होतं. आम्ही चार मजल्यांवर तीनशे माणसं आहोत, तीन वेळा यंत्रणा बदलली. तुम्ही काय केलंत?"

लेकीने फोन काकांपुढे धरला. काकांच्या मनात एकतीस वर्षांची उत्तरं उभी राहिली. त्यांनी ती सगळी परत बसवली.

"साहेब, दारोदार जाऊन विनंती केली."

"म्हणजे काही सॉफ्टवेअर वगैरे?"

"नाही. नुसतं विचारलं."

"मग आमच्याकडे नाही चालायचं," प्रमुख खरोखर खिन्न होऊन म्हणाले. "आमच्याकडे कोणी कोणाच्या दारात जात नाही."

लेकीने फोन ठेवला. काका खुर्चीवर बसले. आनंद झाला होता, आणि त्यात कुठेतरी काळजी मिसळली होती. दोन्ही एकदम आल्यामुळे एकही धड बाहेर पडेना.

"अगं," ते म्हणाले, "चार मजले, तीनशे माणसं, आणि कोणी कोणाच्या दारात जात नाही म्हणे. कसं होणार तुझं तिथे?"

"मी जाईन की, बाबा," लेक म्हणाली, आणि आईच्या गालावरचं पीठ पुसायला वळली.

काकांनी सगळं समजल्यासारखी मान हलवली. मग चपला न घालताच ते जिना चढू लागले, चौथ्या मजल्यावर बाईंना सांगायला, की आता सूर लावायला हरकत नाही.